बिनदाताचा धडा

पुढचे दोन दात पडल्यापासून युसरानं वर्गात तोंड उघडलं नव्हतं, आणि आज तर पहिलीची इंग्रजीची तोंडी परीक्षा. शाळेची वेळ झाली तरी पोर उंबऱ्यावर हटून बसली. "दादी, मी न्हाय जाणार. बोलताना खिंड दिसती, मग वर्गातला तौसिफ लई हसतोय."

"मॅडम काय विचारणार हाईत?" शरिफाबीनं विचारलं.

तोंडावर हात धरून युसरा पुटपुटली, "शब्दातला मधला आवाज. कॅटमधला ॲ, पेनमधला ए, पिनमधला इ, पॉटमधला ऑ, कपमधला अ."

शरिफाबीनं वाशीच्या डॉक्टरनं बसवलेली कवळी काढून वाटीत ठेवली, आणि बोळकं उघडून पाचही आवाज ठणकावून म्हटले. "बघ बेटा, ह्याला दात लागतच न्हाईत!"

युसरा खुदकन हसली, आत पळाली आणि दप्तर घेऊन शाळेकडं सुसाट सुटली.

दुपारी शरिफाबी मटणाच्या ताटावर बसली, तर वाटीत कवळी नाही. सगळं घर पालथं घातलं. तेवढ्यात भैरवी मॅडमचा फोन आला.

"आजी, युसराला पैकीच्या पैकी! आणि काळजी करू नका, तुमची कवळी माझ्याजवळ आहे."

"या अल्ला! कवळी शाळेत कशाला नेली तिनं?"

"तौसिफला दाखवायला. दुसऱ्याच्या दातांना हसलं की आपले सगळे असे एकदम निघून येतात, म्हणाली."

मॅडमनं सुस्कारा सोडला.



"आता तौसिफ तोंड उघडेना, त्याची परीक्षा कशी घेऊ?"