मुकी वरात

मंजिरीची वरात निघाली, पण रस्त्यावर कसलाच आवाज नव्हता. कानातल्या चिपमुळे ज्याला त्याला आपापलं गाणं ऐकू येई. बँडवरून होणारी भांडणं मिटली होती. पाय मात्र कुणाचेच जुळत नसत.

तिचे आजोबा जुने लेझीमवाले. “तुझी गाणी म्हणजे नुसता धांगडधिंगा,” म्हणायचे. आज तेच खांदे उडवत नाचत होते आणि मंजिरी लेझमीची पावलं टाकत होती.

“आजोबा, हे काय?”

“तुझं लावलंय गं. सासरी चाललीस ना.”

“अहो, मी तुमचं लावलंय!”

दोघांनी घाईघाईने बदललं. पुन्हा उलटंच झालं.

“आता तुम्ही काही बदलू नका,” मंजिरी म्हणाली. “मीच येते तुमच्याकडे.”

मग त्या मुक्या गर्दीत दोघांचे पाय एकदम पडले.