चाळीस फुटांवरून

शहात्तर साल. कुंभारीजवळच्या पाण्यानं भरलेल्या दगडखाणीत वेंगुर्लेकर मास्तर पुलाच्या कामासाठी नवे पाणबुडे तयार करत होते. नौदलात वीस वर्षं काढलेला हा माणूस रोज घसा फोडून एकच सांगायचा, "काही झालं तरी हळू वर या, आणि येताना श्वास सोडत राहा."

त्या दिवशी चाळीस फूट खोल, त्या नव्या पाणबुड्यांतल्या धोंडिरामच्या चष्म्यात पाणी शिरलं. तो बिथरला आणि पाठीवरच्या टाकीतली हवा छातीत गच्च कोंडून वर सुटला. मास्तरांनी त्याचा पट्टा धरला. श्वास सोडेना म्हणून पोटात गुद्दा मारला, आणि तोंडातून बुडबुडे निघाल्यावरच त्याला सावकाश वर आणलं.

काठावर येताच धोंडिराम ओरडला, "म्या वर यायलो हुतो, तर ह्यो मला खाली वढतोय! मारायला उठलाय की ह्यो!"

"अरे, कोंडलेली हवा वर येताना फुगते. फुफ्फुसं फुटली असती तुझी!" मास्तर कळवळून म्हणाले.

"वर आल्यानं कुणी मरतंय व्हय?" काठावर उभा असलेला पुलाचा ठेकेदार म्हणाला. सगळे हसले. मास्तरांना त्यानं तिथल्या तिथं कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आपली ट्रंक न्यायला खाणीवर आले, तेव्हा चार नवे गडी पाठीला टाक्या बांधून उभे होते.



धोंडिराम त्यांना शिकवत होता, "जीव घाबरला, की गच्च दम धरायचा आन सुसाट वर यायचं."