कडबाकुट्टी

सळईच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला कडूबाची दोन बोटं मशीननं नेली. आठव्या दिवशी पट्टी बांधलेला हात घेऊन तो कामावर आला, तेव्हा पर्सनल ऑफिसरनं टाइप केलेला कागद त्याच्यापुढं सरकवला.

"गावी शेतात कडबाकुट्टी चालवताना तुझी बोटं तुटली, एवढंच लिहिलंय. सही कर, नोकरी तशीच राहील."

कडूबानं कागद वाचला. परत एकदा वाचला.

"साहेब, पोळ्याच्या आधी वसंतानंबी ह्याच कागदावर सही केल्ती ना?"

"केली. आज कामावर आहे."

"रामकिसननंबी केल्ती."

"तोही आहे. तू जल्दी कर."

कडूबानं पेनला हात लावला नाही. "आम्ही तिघं राजूरचे, एकाच आळीतले. माझं शेत न्हाई, वसंताचं न्हाई, रामकिसनचं न्हाई. तिघांच्या दारात मिळून एक जनावर न्हाई."

त्यानं पट्टीचा हात उचलून त्या कागदावर ठेवला.

"मंग साहेब, एवढी कुट्टी खाऊन राह्यलंय कोण?"