ताजे, कधीही न गोठवलेले

“अंगठा दाबून बघा, मॅडम. आजचाच माल आहे,” चिकन पॅकिंग कारखान्याचा मालक म्हणाला.

तपासनीस बाईने अंगठा दाबला. कोंबडी मऊ होती, गुलाबी होती, दिसायला नाव ठेवायला जागा नव्हती. पण ट्रेच्या तळाशी लालसर पाणी साचलं होतं आणि मांडीच्या हाडापाशी मांस काळपट पडलं होतं. आजच्या मालाला एवढं पाणी सुटत नाही. पाकिटावर मात्र ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, ‘ताजे, कधीही न गोठवलेले’.

सरकारी नियम तसा सरळ होता. पक्षी एकदा गोठला की पुढे तो कितीही मऊ होऊ दे, त्याला ताजा म्हणायचं नाही. ‘पूर्वी गोठवलेले’ असं स्पष्ट लिहायचं. मालकाला हा नियम तोंडपाठ होता, कारण मागच्या खेपेला तिनेच तो त्याला ऐकवला होता.

त्याने आधी चहा मागवला, मग मखलाशी सुरू केली. खप मंदावला म्हणून माल गोठवला, मागणी आली म्हणून काढला, यात कुणाचं काय बिघडलं? चवीत तर रतीचा फरक नाही. ती ढिम्म हलली नाही, तेव्हा तो खुर्ची ओढून समोर बसला आणि त्याने आवाज खाली आणला.

“खरं सांगू? गिऱ्हाईक खुळं नसतं. घरी नेऊन पाकीट फोडलं की त्याला कळतंच. तरी पुन्हा तेच नेतो. ताजं लिहिलेलं असलं की त्याला बरं वाटतं, एवढंच.”

“बरं वाटावं म्हणून लेबलं लावत नाहीत,” ती म्हणाली.

तिचा आवाज उगाचच चढला होता. सगळी लेबलं उतरवायला लावून ती बाहेर पडली, तेव्हा बाईंच्या घरी काहीतरी कटकट असणार, असं मालक मुकादमाजवळ बोलला. ते अगदीच खोटं नव्हतं.

घरी सासूबाई होत्या. त्यांचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, मालवाहू जहाजावर मेकॅनिक. जहाजावरून फोन धड लागायचा नाही, म्हणून तो जमेल तेव्हा मोबाइलवर निरोप बोलून पाठवायचा. सासूबाईंची नजर गेल्यात जमा होती. दिवसभर त्या घरातल्या जुन्या फोनशेजारच्या खुर्चीत बसून असत, आणि संध्याकाळी सून आली की तिच्या मोबाइलला कान लावून लेकाचा आवाज ऐकत. त्या आवाजात त्यांचा जीव अडकला होता. तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. उतरायचा तोही सावकाश, दाढ काढल्यापासून एकाच बाजूने चावून.

आज त्यांना सांगायचं होतं, की या खेपेलाही तो घरी येणार नाही. म्हातारीच्या हृदयाला धक्का सोसवणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि सून ते सांगणं उद्यावर ढकलत आली होती. आता ढकलायला काही उरलं नव्हतं. बसमध्ये तिने वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. दारात चपला काढताना ती तेच पुन्हा पुटपुटली.

“आला का गं निरोप?” सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं.

“आलाय, आई.”

“ताजा आहे ना?”

ही त्यांची रोजची थट्टा. तपासनिसाच्या घरी शिळं कसं चालेल, असंही त्या वर म्हणायच्या. आज तेवढं म्हणाल्या नाहीत.

“ताजा,” सून म्हणाली आणि तिने मोबाइल त्यांच्या कानाशी धरला.

“आई, बरी आहेस ना?” तो बोलत होता. मागे वाऱ्याचा घोंगाट होता. “ती डावी दाढ अजून ठणकते का? मिठाच्या पाण्याने गुळण्या कर, आळस करू नकोस. हिला म्हणावं, माझ्या वाटचंही जेवत जा. ठेवतो.”

काढलेल्या दाढेचं नाव ऐकलं आणि सुनेने चटकन सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पण सासूबाई मोबाइलकडे तोंड करून हसल्या.

“ठणकते रे बाबा,” त्या म्हणाल्या. सुनेचा जीव भांड्यात पडला.

जेवताना त्यांनी कारखान्याची हकिगत काढून घेतली. मालकाची नक्कल ऐकून हसल्या. मग त्या कोंबड्या आता फेकून देणार का, असं त्यांनी विचारलं. फेकायच्या कशाला, खायला चांगल्याच असतात, फक्त ताज्या म्हणायच्या नाहीत, असं सुनेने सांगितलं. सासूबाई बराच वेळ तो एकच घास चावत राहिल्या.

“आई,” शेवटी सून म्हणाली, “तुम्हाला एक सांगायचं होतं. ते या खेपेलाही…”

सासूबाईंनी चाचपडत तिचा हात शोधला आणि उष्ट्या हातानेच घट्ट धरला.

“उद्याही हाच लाव. परवाचा लावलास तरी चालेल, मी सगळे पुन्हा ऐकेन. फक्त ताजा म्हणत जाऊ नकोस.”

“म्हणजे, आई, तुम्हाला…”

“जहाज बुडालं तेव्हा कंपनीचा फोन आधी इथेच आला होता, पोरी. तुझा नंबर त्यांना मीच दिला.”