झालं म्हणजे काय झालं?

"झालं," फोनवर गेटमन म्हणाले, आणि स्टेशनमास्तरांचा हात सिग्नलच्या बटणाकडे गेला.

फलाटावर पॅसेंजर गाडी सुटायच्या बेतात होती. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून सिग्नलकडे बघत होता. पुढच्या वळणापलीकडे रस्ता रुळांना आडवा जायचा. तिथलं गेट स्टेशनातून दिसायचं नाही. ते बंद झालं की नाही हे मास्तरांना कळायचं ते फक्त गेटमनच्या सांगण्यावरून. आणि गेटमन म्हणजे त्यांचे व्याही.

मास्तरांच्या मुलाने आणि गेटमनच्या मुलीने आपसात लग्न ठरवलं, तेव्हा दोन्ही बाप खूश होते. फोनवर कामाचं एक वाक्य झालं की घरच्या गप्पा सुरू व्हायच्या. मग नात झाली. सगळे दवाखान्यात जमले असताना गेटमन पाळण्यात डोकावले आणि समाधानाने म्हणाले, की नाक आमच्याकडचं आलं, सुटलो एकदाचे. मास्तरांचं नाक तसं भरघोस. हे यायच्या आधी नाक खोलीत येतं, असं त्यांची बायकोच म्हणायची. पण बायकोने म्हणणं वेगळं आणि व्याह्यांनी म्हणणं वेगळं, तेही सुनेसमोर. मास्तरांनीही मग ऐकवलं, की नाक कुणाचंही असो, अक्कल आमच्याकडची आली म्हणजे मिळवली.

तेव्हापासून अबोला. विहिणी रोज तासभर फोनवर बोलत. त्यांचे नवरे मात्र तोलूनमापून. "व्याहीबुवा" गेलं आणि "साहेब" आलं. आधी "गेट बंद केलंय, कुलूप लावलंय, रूळ मोकळे आहेत" असं सगळं यायचं. त्याचं "गेट बंद" झालं. मग नुसतं "झालं" उरलं. मास्तरही काही कमी नव्हते. ते "बरं"सुद्धा न म्हणता फोन ठेवायचे. आपण समोरच्यापेक्षा एक शब्द कमी बोललो, याचा आनंद दोघांनाही दिवसभर पुरायचा.

आजचं "झालं" मात्र मास्तरांच्या कानात अडकलं. ते जरा लांबलं होतं आणि त्याच्या शेपटाला उसासा होता. गेट लावल्यावर माणूस असं म्हणत नाही. दूध उतू गेल्यावर म्हणतो.

बोट बटणावर होतं. विचारावं, तर आपण आधी बोललो असं होणार. विहिणींपर्यंत जाणार, सुनेपर्यंत जाणार. मुद्दामच लांबवलं असेल, आपल्याला बोलतं करायला. बाहेर गार्ड घड्याळ बघत होता. मास्तरांनी गाडीकडे पाहिलं. खिडकीखिडकीत माणसं होती. कुणी पेंगत होतं, कुणी संत्रं सोलत होतं.

त्यांनी बोट उचललं.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "झालं म्हणजे काय झालं?"

पलीकडून आलेला आवाज घाबरलेल्या माणसाचा होता. "टेम्पोचं चाक निखळलंय. ऐन रुळांवर बसलाय. गाडी सोडू नका."

ते "झालं" टेम्पोला होतं. गेटमननी फोन उचलायला आणि समोर टेम्पो बसायला एकच गाठ पडली होती. पुढचं सांगेपर्यंत साहेब फोन ठेवणार, या धास्तीनेच त्यांची जीभ टाळूला चिकटली होती. मास्तरांना हे नंतर कळलं, आणि ते खुर्चीत बसले ते थोडा वेळ उठलेच नाहीत.

आधी मात्र बसायला फुरसत नव्हती. सिग्नल लालच राहिला. ड्रायव्हरला आणि गार्डला मास्तरांनी स्वतः जाऊन सांगितलं. फलाटापलीकडे रूळ तपासत असलेल्या मुकादमाला त्याच्या माणसांसकट गेटवर पिटाळलं. गेटमननी रुळांत लाल झेंडा रोवला आणि टेम्पोतली कपाटं, खाटा उतरवून घेतल्या. मधूनमधून फोन होत होते. किती माणसं निघाली ते मास्तर सांगत, किती सामान उरलं ते गेटमन सांगत. गाडीतले लोक रेल्वेच्या नावाने बोटं मोडत होते. शेवटी सगळ्यांनी मिळून टेम्पो ढकलत कडेला नेला. मुकादमाने रूळ ठोकून पाहिले.

फोन वाजला. "गेट बंद केलंय, कुलूप लावलंय, रूळ मोकळे आहेत," गेटमन म्हणाले.

आलेला निरोप शब्दाला शब्द परत म्हणायचा, आणि सांगणाऱ्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय तो पोचला असं धरायचं नाही, असा नियम होता. तो दोघांनी कधीच गुंडाळून ठेवला होता. मास्तर ताठ उभे राहिले आणि त्यांनी निरोप अक्षरन् अक्षर परत म्हटला.

"बरोबर," पलीकडून आलं.

सिग्नल हिरवा झाला. गाडी हलली, वळणाआड गेली, आणि मग फोनमधूनच गेटवरची धडधड मास्तरांना ऐकू आली. ती विरली तरी फोन कुणीच ठेवला नाही.

गेटमन खाकरले. "व्याहीबुवा, त्या दिवशी दवाखान्यात माझं चुकलं."

मास्तर पुन्हा ताठ झाले. नियम तो नियम.

"व्याहीबुवा, त्या दिवशी दवाखान्यात माझं चुकलं."

"बरोबर," गेटमन म्हणाले.