उत्पत्तीचा दुसरा अध्याय

प्रतीक्षाच्या पत्राला हौशीराम सरांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. सर फोनवर "बरं, बरं" यापलीकडे बोलत नाहीत, म्हणून तेव्हा अकरावीत असलेल्या त्या मुलीनं मुद्दाम पत्र लिहिलं होतं. मजकूर त्यांना आता पाठ झाला होता. शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या, परीक्षेत तिनं लिहिलं होतं की देवानं आधी माणूस घडवला, मग पशुपक्षी. सरांनी त्यावर तांबडी फुली मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, आधी पशुपक्षी, शेवटी माणूस. पत्रात ती विचारत होती: बायबलातल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात तुमचा क्रम आहे, दुसऱ्यात माझा. खरा कुठला? आणि कॉलेजात शिकवतात की माणूस लाखो वर्षांत घडत आला, त्याचं मी काय करू?

सरांनी सात-आठ ग्रंथ चाळले. कुणी म्हणे सहा दिवस म्हणजे सहा दिवसच, कुणी म्हणे सहा युगं, कुणी म्हणे तो इतिहास नव्हेच, स्तोत्र आहे. चार खर्डे झाले, चारही फाडले. आपण कोण सांगणारे? तीस वर्षं आपण दोन्ही अध्याय एकत्र शिवून शिकवले आणि ती शिवण आपल्याला कधी दिसलीच नाही.

रविवारी लोणावळ्याच्या चर्चबाहेर प्रतीक्षाची आई, शुभदा, त्यांच्यापाशी थांबली. पुढच्या महिन्यात प्रतीक्षाच्या दृढीकरणाचा विधी होता आणि पोरगी पुण्याच्या हॉस्टेलवरून यायला तयार नव्हती. मंडळीसमोर उभं राहून 'माझा विश्वास आहे' असं खोटं म्हणणार नाही, म्हणाली. पाळकसाहेबांनी समजावून झालं, मामानं दटावून झालं.

"घरात एवढी पुस्तकं, सर," शुभदा म्हणाली, "अन् एक पोस्टकार्ड नाही सापडलं?"

सर चपलांकडे बघत राहिले. "उत्तर येत नव्हतं."

"मग तेच कळवायचं. ती समजते, सरांना आपला राग आला."

हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी कोट न काढताच कागद ओढला. तुझं उत्तर चूक नव्हतं, माझी फुली चूक होती, हे पहिलं वाक्य. मग लिहिलं: ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी ठेवले, त्यांनाही दोन्हींतला क्रम वेगळा आहे हे कळत होतं. तरी त्यांनी एकही खोडला नाही. कॉलेजात शिकवतात ते नीट शिक. त्यासाठी तुलाही कुणी खोडायचं कारण नाही. दृढीकरणाला आलीस तर मी पहिल्या बाकावर असेन. नाही आलीस तरी तू माझी विद्यार्थिनीच.

इथं संपवायचं होतं, पण पेन थांबेना. पान उलटलं, मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं.

सोमवारी पोस्टातल्या कोमलनं पाकीट काट्यावर ठेवलं.

"लय जड झालंय, आबा. कागदपत्रं हायेत व्हय?"

तिनं शिक्का मारून पाकीट मागच्या थैलीत टाकलं.

"नाही," मग सर म्हणाले. "मलाच तिला काही विचारायचं होतं."