वहीतली चीज

"दीदी, इथं तर सम 'नाव'वर छापलीय," तरुण म्हणाला. "आप तो 'पार'वर घेता ना?"

तबला जुळवता जुळवता तो नवं पुस्तक चाळत होता. लष्कर भागातल्या सभागृहात माणसं येऊ लागली होती. आज पंडित माधवरावांचा पंचाहत्तरीचा सत्कार. त्यांच्या जुन्या वहीचं पुस्तक निघणार होतं आणि मग त्यातलीच एक चीज दुर्गा गाणार होती. 'नाव बिन कैसे उतरूँ पार'. गुरूच्या पायी वाहायला याहून चांगलं फूल तिच्यापाशी नव्हतं.

"छपाईची चूक असेल," ती म्हणाली.

"अंतराही अलग आहे, दीदी."

मूळ वही मंचाजवळच्या टेबलावर मांडली होती. दुर्गानं ती उघडली. गुरुजींचंच अक्षर. सम, म्हणजे गाणं हिंडूनफिरून जिथं घरी येतं तो ठोका, 'नाव'वर होता. आणि अंतऱ्यातला कोमल निषाद, ज्याच्यासाठी तिनं दोन पावसाळे गळा घासला होता, तो तिथं नव्हताच.

"काय पाहतेस एवढं?" मागून अभिरामदादा आला. गुरुजींचा मुलगा, दिल्लीतला नावाजलेला गवई. पुस्तकाचा संपादकही तोच. "आज सम सांभाळ हं, दुर्गे. किताब सबके हाथ में होगी."

तो हसत पुढे गेला. तो ही चीज वहीत आहे तशीच गायचा. तिनं एकदा गुरुजींना विचारलंही होतं. "दिल्लीची हवा आहे ती," असं म्हणून गुरुजी हसले होते, आणि तिलाही ते पटलं होतं.

आता तिला गुरुजींचीच एक गोष्ट आठवली. जुने गवई बाहेरच्या शिष्याला चीज देत, पण सम सरकवून, एखादा स्वर लपवून. घरचं घरात राहावं म्हणून. बाहेरच्याला पत्ता लागत नसे. भर मैफलीत घरचा कुणी हसला की कळायचं. गोष्ट ऐकून सगळे शिष्य हसले होते. दुर्गाही हसली होती.

शिंदे की छावनीतल्या एका बसड्रायव्हरची ती मुलगी. अकराव्या वर्षी दौलतगंजात गुरुजींच्या दारी आली. घागरीत धार धरावी तसं गुरुजींनी तिच्यात गाणं ओतलं. पहिली मैफल त्यांनी मिळवून दिली, पहिली नोकरी त्यांच्या शब्दावर लागली. अठरा वर्षांत त्यांचं नाव कानाच्या पाळीला हात लावल्याशिवाय तिनं कधी उच्चारलं नाही.

ती मंचामागच्या खोलीत शिरली. गुरुजी एकटेच होते. कोटाची बटणं लावत होते.

"गुरुजी, मला खोटी चीज दिलीत?"

गुरुजींची बोटं बटणावर थांबली. कुठली चीज, असं त्यांनी विचारलं नाही.

"दार लोटून घे," ते म्हणाले.

तिनं लोटलं नाही.

"मी बाहेरची. म्हणून सम सरकवलीत? एवढंच सांगायचं होतं, दुर्गे, तुझा हक्क इथपर्यंतच. मी तेवढ्यावरही जन्मभर पाया पडले असते. आता चारशे माणसं पुस्तक उघडून बसतील आणि मी त्यांच्यासमोर चुकीचं गाईन. तुमच्या सत्काराला, गुरुजी! तुमच्या!"

"चुकीचं नाही गाणार तू." गुरुजी खुर्चीत बसले. "खोटी ती वहीतली आहे."

दुर्गा दोन पावलं पुढे आली.

"मीही बाहेरचाच होतो ना. माझ्या गुरूंनी मला दिली ती मी वहीत लिहिली. पुढे ते आपल्या मुलाला शिकवत, तेव्हा खिडकीखाली उभा राहिलो. दोन हिवाळे. तिथं खरी ऐकली. तुला दिली ती खरी."

"मग वही दुरुस्त का नाही केलीत?"

"गुरूचा शब्द होता. खोडवेना."

"आणि अभिरामदादा?"

गुरुजी खाली बघत बोलले. "सोळाव्या वर्षी त्यानं वही उतरवून घेतली. माझ्यापुढं बसून शिकायला त्याला वेळ कुठं होता? वाटलं, अडेल तेव्हा विचारेल. अडला नाही. दिल्लीला गेला, त्याच चीजेवर नाव झालं. नाव झाल्यावर कसं सांगायचं, बेटा? रोज म्हणायचो, उद्या सांगू."

दुर्गाच्या छातीवरचा दगड उतरला. तिला लाज वाटली, तरी हसूही आलं. आपण घरच्या होतो. सगळ्यांहून घरच्या. तिचे डोळे भरले आणि ती पाया पडायला वाकली.

वाकल्यावर तिला उंबऱ्यापाशी दोन पाय दिसले.

अभिराम गुरुजींना मंचावर न्यायला आला होता. हातात रेशमी फितीत बांधलेलं पुस्तक होतं. तो किती वेळ उभा होता, कुणास ठाऊक. बाहेर निवेदन करणाऱ्या सुमनताई माईकवर पाहुण्यांची नावं घेत होत्या. टाळ्या पडत होत्या.

"दादा..." दुर्गा म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. फीत सोडली, पुन्हा बांधली. मग लहान मुलानं विचारावं तशा आवाजात तो म्हणाला,

"बाबा, मी ती गायचो तेव्हा पहिली वाहवा नेहमी तुमची असायची."